फाटकाबाहेरचा रेन ट्री: पाडायचा की ठेवायचा?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर फुटपाथवर एक जुना रेन ट्री आहे. छातीच्या उंचीला त्याचा घेर 240 सेंटिमीटर भरला. दोन वर्षांपूर्वी फुटपाथचं काम झालं तेव्हा काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवले. गेल्या मे महिन्यात ठेकेदाराची माणसं आली आणि रस्त्याच्या बाजूच्या फांद्या अर्ध्यावर छाटून गेली. आता त्या खुंटांमधून झाडूसारखे कोंब फुटलेत. एक जाड फांदी आमच्या पार्किंगवर आहे. या पावसाळ्यात बुंध्याशी लाकडासारखी कडक, तपकिरी, पांढऱ्या काठाची अळंबी उगवली. काही सभासद म्हणतात, झाड पाडून टाका. काही म्हणतात, भोवती छान पार बांधू आणि दिवाळीला रोषणाई करू. त्यातच फायबर केबलसाठी फुटपाथ खोदणार असल्याचं कळलंय. येत्या सभेत काय ठराव करावा?
– सचिव, एक गृहनिर्माण संस्था

उत्तर: ठरावात ‘पाडा’ही नको आणि ‘पार बांधा’ही नको. झाड फुटपाथवर आहे, म्हणजे ते महापालिकेचं. ते पाडायचा किंवा त्याची फांदी तोडायचाही अधिकार सोसायटीच्या सभेला नाही, भले फांदी तुमच्या आवारात आली असो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 मध्ये ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. झाड कुंपणाच्या आत असतं तरी परवानगी लागलीच असती. ठराव एवढाच करा: ‘वृक्ष अधिकाऱ्यांकडे तपासणीचा लेखी अर्ज करावा आणि बुंधा मोकळा करून घ्यावा.’

तुमच्या पत्रात सर्वांत गंभीर गोष्ट अळंबी आहे. सभेत मात्र वाद बहुधा पार्किंगवरच्या फांदीवरून झाला असणार, कारण गाडी दिसते, मुळं दिसत नाहीत. तुम्ही वर्णन केलेली कडक, कोनाड्यासारखी अळंबी बहुतेक वेळा गॅनोडर्मा जातीची असते. तिच्या आसपास कोको पावडरसारखी तपकिरी धूळ बसलेली दिसली तर शंका आणखी बळावते. ही बुरशी बुंध्याचं आणि जाड मुळांचं लाकूड आतून कुजवते. पानांना पाणी पुरवणारा थर सालीलगत असतो, तो शाबूत असेपर्यंत झाड वरून हिरवंगार राहतं. रेन ट्रीचा डेरा भरगच्च असताना तो मुळासकट आडवा होतो आणि लोक म्हणतात, ‘काल तर चांगला होता!’, त्याचं एक मोठं कारण हे. अळंबी उपटून टाकू नका, ती पुरावा आहे. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. बुरशीनाशक ओतणं निरुपयोगी, कारण बुरशी लाकडाच्या आत आहे आणि बाहेर दिसतं ते फक्त तिचं फळ.

अळंबी दिसली म्हणजे झाड संपलं, असंही नाही. कूज किती पसरलीय ते पाहावं लागतं. प्राथमिक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. लाकडी हातोड्याने खोडावर जमिनीपासून दोन मीटरपर्यंत, वीतभर अंतराने, गोल फिरत हलके ठोके द्या. भरीव लाकडाचा आवाज कोरडा आणि आखूड येतो, पोकळीचा ढोलासारखा. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. ढोली उघडी असेल तर पातळ सळई अलगद आत सरकवून खोली मोजा. नवीन भोक मात्र पाडू नका. बाहेरचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या निदान तीस टक्के जाड असावं, असा एक ढोबळ हिशेब आहे. तुमच्या झाडाचा घेर 240, म्हणजे व्यास साधारण 76 आणि त्रिज्या 38 सेंटिमीटर. चहूबाजूंनी साडेअकरा-बारा सेंटिमीटर चांगलं लाकूड उरलं असेल तर पोकळ खोडही टिकू शकतं. या हिशेबावर तज्ज्ञांत वाद आहेत. ढोलीला तोंड असेल किंवा मुळंच कुजली असतील तर तो लागू पडत नाही, आणि अळंबी अगदी जमिनीलगत असेल तर मुळांचा संशय आधी घ्यायचा. म्हणून अर्जात उपकरणाने तपासणी मागा: रेझिस्टोग्राफची बारीक सुई लाकडाचा विरोध मोजते आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने खोडाचा आडवा छेद चित्रात दिसतो. ही यंत्रं प्रत्येक महापालिकेकडे नसतात, पण लेखी मागणी केली की निदान कोणीतरी बुंध्याशी वाकून पाहतं.

कललेलं झाड धोक्याचंच असतं, हा एक पक्का गैरसमज आहे. लहानपणापासून कललेलं झाड त्या कलाला पेलेल असं लाकूड मजबूत करत जातं आणि त्याचा शेंडा पुन्हा आकाशाकडे वळलेला असतो. भीती धरावी ती नव्या कलाची. ओळंबा लावून महिन्यातून एकदा, एकाच जागेवरून फोटो काढा. कल वाढत असेल, कलाच्या उलट बाजूची जमीन फुगली असेल, पेव्हर उचलले गेले असतील किंवा मातीत अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल, तर अर्जबिर्ज बाजूला ठेवा. त्याच दिवशी अग्निशमन दलाला आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला कळवा, झाडाखालच्या गाड्या हलवा, फाटकाचा वापर थांबवा.

तसं काही नसेल तर पहिलं काम बुंध्याचं. काँक्रीटमुळे झाडाला पाणी मिळत नाही एवढंच लोकांना ठाऊक असतं. खरं नुकसान हवा तुटल्याने होतं. मुळांना श्वास लागतो आणि झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या साठ सेंटिमीटर ते एक मीटरमध्येच असतात. ती डेऱ्याच्या सावलीच्याही बाहेर जातात. वर फरशी बसली, खाली माती रोलरने दाबली गेली की बारीक मुळं मरतात, झाड अशक्त होतं आणि बुरशीला वाट मिळते. त्यातून खोड जाड होत जातं आणि काँक्रीटची कड सालीत रुतते. राष्ट्रीय हरित लवादाने 23 एप्रिल 2013 रोजी दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आदेश दिल्लीपुरता असला तरी अर्जात दाखला म्हणून जरूर द्या.

पावसाळा संपल्या संपल्या, माती ओली आहे तोवर हे काम करून घ्या. पथ विभाग आणि उद्यान विभाग दोघांनाही अर्ज द्या, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सालीपासून एक मीटरवर खूण करायची. फुटपाथ अरुंद असेल तर गोल न करता रस्त्याला समांतर लांबट चौकोन करा. चालणाऱ्यांना वाट राहिली पाहिजे, आणि फुटपाथवर 1.8 मीटर मोकळी वाट असावी असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. जागा त्याहून कमी पडली तर बाहेरच्या पट्ट्यावर जाळी बसवावी. बाहेरची कड कटरने कापून घ्यायची. काँक्रीट फोडायचा ब्रेकर खोडापासून तीस सेंटिमीटरपर्यंतच. त्याच्या आत फक्त छन्नी-हातोडा. पेव्हर 6 किंवा 8 सेंटिमीटरचे असतात, पण त्यांच्याखाली काँक्रीटचा आणखी एक थर निघतो आणि ठेकेदार तो ‘राहू द्या’ म्हणतो. राहू द्यायचा नाही, सगळी मेहनत त्याच्यासाठीच आहे. खाली मुळं चिकटलेली निघतील. मनगटाएवढं किंवा त्याहून जाड मूळ कापायचं नाही; काँक्रीटचा तुकडा सुटत नसेल तर तो तसाच ठेवून आजूबाजूचा काढा. उघडी पडलेली मुळं त्याच दिवशी ओल्या बारदानाने आणि मग मातीने झाका.

माती भरताना एक चूक हमखास होते: पातळी वाढवतात. जमिनीशी खोड जिथे पसरट होऊन मुळांत उतरतं तो भाग उघडा दिसलाच पाहिजे. खणून भुसभुशीत करायच्या भानगडीत पडू नका. दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं खत वरच्या वर पसरा आणि त्यावर पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळा, खोडापासून एक वीत लांब. रेन ट्री स्वतःच इतका पाला देतो की बाहेरून आणायची गरज नाही. फक्त तो रोज सकाळी झाडून जाळू नका. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एक ड्रम, म्हणजे दोनशे लिटर पाणी, सावकाश मुरू द्या. फ्लॅटचं काम काढलेले मिस्त्री सिमेंटची घमेली याच आळ्यात धुतात, त्यांना सभेत नाही तर फाटकावर सांगावं लागेल. मोकळं आळं ही कचरापेटी आणि थुंकदाणी होते हेही गृहीत धरा. बुटकं कठडं उपयोगी पडतं, पण त्याचा पाया मुळांत खोदू नका.

आता पार. गावात वडा-पिंपळाला पार असतो म्हणून इथेही शोभेल, ही कल्पना गोड आहे, पण वड-पिंपळ खोडातून नवी मुळं फोडू शकतात आणि जुन्या पारांचे दगड बहुधा सांधे न भरता रचलेले असत. रेन ट्रीच्या भोवती विटांचं बांधकाम करून आत दोन फूट माती भरली की झाकलेली साल सतत ओली राहून कुजते आणि खालची मुळं गुदमरतात. बांधकामाचा पाया खणताना जी मुळं तुटतील ती वेगळीच. बुरशी लागलेल्या झाडाला तर पार म्हणजे उरलंसुरलं बळ काढून घेणं. बसायला जागा हवी असेल तर पाय टेकवलेला साधा बाक ठेवा. रोषणाईसाठी खिळे, स्टेपल, घट्ट आवळलेल्या वायरी यांपैकी काहीही नको. जुने वर आलेले खिळे काढा, लाकडाने गिळलेले तसेच सोडा. खोडाला रुतलेली तार मात्र जागोजागी तोडलीच पाहिजे, नाहीतर ती झाडाला फास लावते. बाहेरून ठेवलेला लोखंडी ट्री गार्ड खोडाला टेकला असेल तर तोही.

मे महिन्यातल्या छाटणीबद्दल. फांदी अर्ध्यावर तोडली की खुंट उरतो. खुंटाला स्वतःचं पान नसतं, तो वाळतो आणि कूज त्याच्यातून आत उतरते. शिवाय सालीखालचे झोपलेले डोळे जागे होऊन कोंबांचा झुबका निघतो. असे कोंब वरच्या थरालाच चिकटलेले असतात, वजनाने वाढतात आणि चार-पाच वर्षांनी वाऱ्यात सालीसकट फाटून पडतात. म्हणजे ‘धोका कमी करायला’ केलेली छाटणी पुढचा धोका पेरून गेली. एकाच बाजूची छाटणी झाल्याने वजनही सोसायटीकडे झुकलं असणार. मे महिन्यात अचानक उघडी पडलेली साल उन्हाने भाजते, ते निराळं.

झुबके सरसकट साफ करायला सांगू नका. त्याच पानांवर झाड सध्या जगतंय. प्रत्येक खुंटावर चांगल्या जागी असलेले एक ते तीन कोंब राखायचे, बाकीचे काही काढायचे, काही आखूड करायचे, आणि हे काम दोन-तीन वर्षांत वाटून घ्यायचं. खुंटाच्या मागे एखादी जिवंत उपफांदी असेल, खुंटाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश जाडीची, तर खुंट तिच्यापर्यंत मागे कापता येतो. एका वर्षात एकूण हिरव्या भागाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये, आणि तुमच्या अशक्त झाडाला त्याहून कमीच.

पार्किंगवरची फांदी बुडातून तोडायची मागणी मोह पाडणारी आहे. ती जाड आहे आणि दहा सेंटिमीटरहून मोठी जखम झाड सहसा वेळेत झाकू शकत नाही. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आत कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. टोकाकडचा दीड-दोन मीटर भाग योग्य उपफांदीपर्यंत मागे घेतला तरी तरफेचा जोर बराच उतरतो आणि जखमा लहान राहतात. फांदीच्या काखेत भेग असेल, किंवा दोन फांद्यांमधली साल आत दबून खाच झाली असेल, तरच बुडातून काढायचा विचार.

बुडातून काढायची वेळ आलीच तर तीन काप लागतात. पहिला काप बुडापासून तीस-चाळीस सेंटिमीटरवर, खालून वर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली; फांदी पडते आणि खालची साल सोलली जात नाही. मग उरलेला तुकडा तिसऱ्या कापाने काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं, काप त्याच्या अगदी बाहेरून जायला हवा. कडं कापलं तर जखम कधीच नीट झाकत नाही, आणि कड्यापासून चार बोटं लांब कापलं तर पुन्हा खुंट. खोडाला सपाट लागून कापण्याची जुनी पद्धत अमेरिकी वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवल्यावर मागे पडली. आपल्याकडे ती कोयत्याच्या रूपाने अजून टिकून आहे. करवत वापरा, कोयता-कुऱ्हाड नाही. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, ओल आत कोंडते. बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात ते फळबागेतल्या काही रोगांसाठी. फुटपाथवरच्या मोठ्या जखमेची कूज तिने थांबत नाही. चुना-गेरूचे पट्टे म्हणजे नुसती सजावट.

वेळ जानेवारी-फेब्रुवारीची, नवी पालवी फुटायच्या थोडी आधी. तोडलेल्या फांद्यांची भरपाई झाड लगेच सुरू करतं. पावसाळ्याच्या तोंडावर रेन ट्रीवर कावळे-बगळ्यांची घरटी असतात आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आडवा येतो, म्हणूनही ही वेळ सोयीची. विजेची तार फांदीतून जात असेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही झाडावर चढू देऊ नका.

केबलची चर हा विषय या आठवड्याचा आहे, पुढच्या महिन्याचा नव्हे. खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतर जपावं, असा बांधकामाच्या कामांत वापरला जाणारा ब्रिटिश निकष आहे. तुमच्या झाडाला तो नऊ मीटर होतो, फुटपाथवर अशक्य. तरी खोडापासून एक मीटरवर साठ सेंटिमीटर खोल चर मारली तर त्या बाजूची जवळपास सगळी मुळं तुटतात आणि झाड दोन-तीन पावसाळ्यांनी उलट बाजूला पडू शकतं. तोवर चर कोणाच्या लक्षातही नसते. झाडाच्या पट्ट्यात केबल जमिनीखालून आडवं छिद्र पाडून, एक मीटरहून खोल ओढावी, अशी मागणी खोदाईची परवानगी देणाऱ्या पथ विभागाकडे आजच करा. ते जमलंच नाही तर तेवढ्या भागात हाताने खोदाई आणि जाड मुळांच्या खालून पाईप.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे. जागा, झाडाची जात, 1.37 मीटर उंचीवरचा घेर, चारही बाजूंचे फोटो, अळंबीचा फोटो, खडूच्या खुणांचा फोटो, पेव्हर कधी बसले आणि छाटणी कधी झाली, एवढं एका पानात. ‘झाड धोकादायक आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका. त्या वाक्याचं उत्तर बहुधा कुऱ्हाड असतं. ‘स्थळपाहणी करून लेखी अहवाल द्यावा’ असं लिहा. आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात पाहणीची नोंद आणि मे महिन्यातल्या छाटणीचा कार्यादेश मागा. तीस दिवसांची मुदत असते. कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, तेव्हा गणनेत या झाडाचा क्रमांक काय आणि वय किती लावलंय तेही विचारा. मुंबईच्या 2018 च्या गणनेत 29 लाख 75 हजारांवर झाडं मोजली गेली. तुमचं झाडही कुठल्यातरी यादीत असणार. 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, म्हणून वयाचा आकडा महत्त्वाचा.

तपासणीत मुळं खरंच कुजलेली निघाली तर ‘झाड ठेवा’ म्हणणाऱ्यांनी हट्ट धरू नये. शाळेची बस थांबते त्या फाटकावर मरणाऱ्या झाडाचं राखणदार होण्यात अर्थ नाही. मात्र पाडण्याआधी झाडावर आणि वृत्तपत्रात नोटीस, हरकतींसाठी सात दिवस, हे टप्पे झालेत का ते पाहा. भरपाईची झाडं पाडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची असतात. त्यातलं एक तरी तिथेच लावून घ्या, पण जुन्या बुंध्यापासून तीन-चार मीटर लांब, कारण बुरशी मातीतल्या मुळांत राहते. तारा नसतील तर कडुनिंब किंवा करंज, तारांखाली ताम्हण किंवा बहावा. खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल, रोप सहा-आठ फुटांचं, पिशवी पूर्ण काढून, गोल वेटोळं झालेली मुळं कापून, पिशवीत होतं त्याच पातळीला. काथ्याने दोन बांबूंना इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधायचं. पाणी तीन उन्हाळे. आणि तिसऱ्या वर्षी ट्री गार्ड कोण काढणार, त्याचं नाव आत्ताच इतिवृत्तात लिहून ठेवा.